गोलाईतले काटेवाले चाचा आणि माझा पळणारा ब्रेक

लातूरमध्ये रेसिंग सिम्युलेटरची, म्हणजे कॉम्प्युटरवर खऱ्यासारखी गाडी पळवायच्या खेळाची, पेडलं दुरुस्त होतात. गंजगोलाईच्या, म्हणजे शहराच्या मध्यातल्या गोल बाजारपेठेच्या, मागच्या एका बोळात, वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या दुकानात. गेल्या दिवाळीत हे मला कुणी सांगितलं असतं तर पाच महिने वाचले असते. दुसऱ्या कुणाचे तरी वाचावेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

दुकानाचं नाव देत नाही, कारण चाचांनीच तसं सांगितलंय. "बेटा, सुगीत काटेच आवरत नाहीत, त्यात ही पेडलं कुठं घेऊ," असं त्यांचं म्हणणं. पण गोलाईत कुठल्याही आडत्याला किंवा किराणावाल्याला 'काटेवाले चाचा' विचारा, बोट दाखवतील.

आमची मार्केट यार्डात आडत आहे. तूर, हरभरा, सोयाबीन. सकाळपासून पट्ट्या आणि हिशेब मी बघते, आणि रात्री साडेनऊनंतर वरच्या पत्र्याच्या खोलीत माझी रेसिंग चालते. चौकोनी पाईपची चौकट औसा रोडच्या एका वेल्डरकडून करून घेतलीय, सीट भंगारातल्या गाडीची आहे, स्टिअरिंग मोटरवालं आहे. पेडलं पुण्यातल्या एकाकडून जुनी घेतली, २१ हजारांना. माझ्यासाठी ही रक्कम थोडी नाही. त्यात ब्रेकला लोडसेल होता म्हणूनच मी ती दिली.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. साध्या पेडलांत पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असायचा तोच. पाय किती खाली गेला ते तो मोजतो. त्याच्यावरच्या पेडलांत हॉल सेन्सर असतो. लोहचुंबक जवळ आला की लांब गेला यावर त्याचा व्होल्टेज बदलतो. घासणारं काही नसल्यामुळे तो झिजत नाही. लोडसेल मात्र अंतर मोजतच नाही, तो जोर मोजतो. खऱ्या गाडीचा ब्रेकसुद्धा आपण जोरावरच मारतो. पेडल किती इंच खाली गेलं हे पायाला आठवत नाही, किती दाबलं ते बरोबर आठवतं. लोडसेलचा ब्रेक लावल्यापासून महिन्याभरात माझे लॅप, म्हणजे ट्रॅकचे फेरे, एकसारख्या वेळात यायला लागले. आधी तीन वर्षं ते कधी एकसारखे आले नव्हते.

दिवाळीच्या आसपास हा ब्रेक पळायला लागला. पाय पेडलवर नसताना स्क्रीनवरची पट्टी तीन-चार टक्क्यांवर थरथरायची. मधूनच, दहा-पंधरा मिनिटांतून एकदा, ती सरळ शंभरावर उडी मारायची आणि लगेच खाली यायची. मी सगळ्यात जास्त चालवते ते नोएडाजवळचं बुद्ध सर्किट, गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक. ५.१२५ किलोमीटरचा फेरा आणि सोळा वळणं. (गोलाईलाही सोळाच रस्ते येऊन मिळतात, त्यामुळे हा आकडा मी कधी विसरत नाही.) तिथं तिसऱ्या वळणानंतर किलोमीटरभराहून लांब सरळ रस्ता आहे आणि त्याच्या शेवटी एकदम आखूड चौथं वळण. त्या वळणात शिरताना ब्रेक एकदम सोडायचा नसतो. स्टिअरिंग वळत जाईल तसा थोडा थोडा सोडत न्यायचा असतो. तिथं शेवटच्या पाच टक्क्यांतच सगळं कौशल्य आहे, आणि नेमके तेच पाच टक्के माझ्या पेडलने बिघडवून टाकले होते.

काही जण सल्ला देतात की डेडझोन वाढव, म्हणजे पहिले पाच टक्के गेमने मोजायचेच नाहीत. मी एक आठवडा करून बघितलं. थरथर दिसेनाशी झाली खरी, पण पायाखालचं ते शेवटचं सोडणंही गेलं. डेडझोनने बिघाड जात नाही, झाकला जातो. शिवाय शंभरावरच्या उडीला तो काहीच करू शकत नाही.

घरच्या घरी करण्यासारखं सगळं मी केलं. विंडोजमध्ये 'जॉय डॉट सीपीएल' असं टाइप केलं की कंट्रोलरची खिडकी उघडते. गेम बंद ठेवून तिथं बघितलं, तिथंही पट्टी थरथरत होती. म्हणजे दोष गेमच्या सेटिंगमध्ये नाही, हे पक्कं झालं. यूएसबीची केबल बदलली. हब काढून केबल थेट मागच्या पोर्टमध्ये लावली. दुसऱ्या लॅपटॉपवर लावून बघितलं तर थरथर कमी झाली, उडी तशीच. ही गोष्ट तेव्हा मी वहीत नुसती लिहून ठेवली. तिचा अर्थ मला एप्रिलमध्ये कळला.

मग पेडलांच्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की वॉरंटी संपलीय, बोर्ड आणि लोडसेल दोन्ही बदला, मिळून साधारण साडेअकरा हजार आणि वर कुरिअर. नेमकं काय बिघडलंय हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. इथल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन गेले, तर त्यांनी डबाही न उघडता 'नवीन घ्या' म्हणून सांगितलं. चांगल्या वस्तूला कुणी हातही न लावता ती टाकून द्यायला सांगतं, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

मार्च महिन्यात हरभऱ्याची आवक जोरात होती. आमच्या आडतीवरचा प्लॅटफॉर्म काटा असाच नाचायला लागला. रिकामा असताना कधी ०, कधी ४० ग्रॅम, कधी उणे २०. मापाडी ओरडायला लागला. आप्पांनी चाचांना बोलावलं. ते आले, काट्याचं वरचं ताट काढलं, आणि खाली मला दिसला तोच प्रकार: धातूचा ठोकळा आणि त्यातून निघणाऱ्या चार बारीक तारा. लाल, काळी, हिरवी, पांढरी. हुबेहूब माझ्या पेडलमधल्यासारख्या.

मी विचारलं, "चाचा, हा लोडसेल आहे ना?"

"व्हय. तुला कसं माहीत?"

"माझ्याकडे एक आहे. तोही असाच नाचतो."

"काय तोलतीस त्याच्यावर?"

सांगायला जरा वेळ लागला. दुसऱ्या दिवशी ब्रेकचं पेडल काढून पिशवीत घालून दुकानात नेलं. त्यांनी ते चारही बाजूंनी फिरवून बघितलं आणि विचारलं, "हे शिलाई मशीनचं पायडल हाय का?" मी मोबाइलवर माझा एक लॅप दाखवला. पूर्ण लॅप त्यांनी न बोलता बघितला. मग म्हणाले, "म्हणजे पाय तोलायचा काटा हाय हा." मला स्वतःला तीन वर्षांत इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं.

दुकान आठ बाय दहाचं असेल. भिंतीला सराफी काट्यांपासून पोत्यांच्या काट्यांपर्यंत सगळं टांगलेलं. एका कोपऱ्यात लोखंडी वजनांची रांग, ५, १०, २० किलोची, वैधमापनाचा शिक्का असलेली. बाजारातल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी सरकारी पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. चाचांचं निम्मं काम त्याचंच. शिक्क्याआधी काटा शंभर टक्के बरोबर करून द्यायचा असतो, त्यामुळे 'चालतंय की' हा शब्द त्या दुकानात ऐकू येत नाही.

पुढचं सगळं मी वहीत उतरवून घेतलं. कुणालाही उपयोगी पडेल म्हणून जसंच्या तसं देते.

आधी त्यांनी चारही तारा बोर्डापासून सोडवल्या. बोर्डाला जोडलेल्या अवस्थेत सेल मोजायचा नाही, आकडे खोटे येतात. मग मल्टिमीटर ओहमवर लावून दोन-दोन तारांमधला रोध मोजला. लाल-काळी ४०४. हिरवी-पांढरी ३५०. लाल-हिरवी २९०, काळी-हिरवी २९०. लाल-पांढरी घेतली तेव्हा आधी २९० आलं. चाचांनी दुसऱ्या हाताने केबल हलवली आणि मीटर कोराच झाला. परत हलवली, परत २९०.

"पांढरी तार आतून तुटली. वरून दिसायली नाही, पण गेलीय."

ही जागा पेडलच्या बिजागरीजवळ होती. प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की केबल तिथंच वाकायची. हजारो वेळा वाकून तिच्यातले तांब्याचे केस एकेक करून तुटले होते आणि उरलेले दोन-चार कधी टेकायचे, कधी सुटायचे. सुटले की बोर्डाच्या त्या टोकाला काहीच जोडलेलं नसायचं, आणि स्क्रीनवर शंभर.

इथं त्यांनी सांगितलेली एक गोष्ट फार मोलाची आहे. तारांच्या रंगांवर विश्वास ठेवायचा नाही, कारण प्रत्येक कंपनी तेच रंग पाळत नाही. ज्या जोडीत सगळ्यात जास्त रोध येतो ती वीज देण्याची जोडी. त्याखालोखालची संदेशाची. उरलेल्या चार जोड्यांचे आकडे एकमेकांच्या अगदी जवळ यायला हवेत. एखादा वेगळा आला तर आतला पूलच बिघडला, मग सेल बदलायचा.

पूल म्हणजे व्हीटस्टनचा पूल. बारावीत मी त्याची शेकड्यांनी गणितं सोडवली असतील. लातूर पॅटर्नमध्ये शिकलेल्या पोरांना तो झोपेतही सोडवता येतो. चार रोध चौकोनात, समतोल असला की मधल्या गॅल्व्हानोमीटरमध्ये शून्य. पण तो चौकोन एखाद्या लोखंडी ठोकळ्यावर चिकटवलेला असतो, ठोकळा केसाच्याही कितीतरी बारीक भागाएवढा ताणला की त्याचा रोध बदलतो आणि त्यावरच अख्ख्या बाजारातलं धान्य मोजलं जातं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हा पूल सॅम्युएल हंटर क्रिस्टीने १८३३ मध्ये मांडला आणि दहा वर्षांनी व्हीटस्टनने तो सगळ्यांना वापरायला शिकवला. ताण मोजणारी ती चिकटपट्टी, स्ट्रेन गेज, १९३८ ची. चाचांना ही नावं माहीत नाहीत. त्यांना पूल मात्र माझ्यापेक्षा फार चांगला कळतो.

सेल स्वतः धड आहे का, हे त्यांनी यानंतर बघितलं. माझा सेल इंग्रजी एससारखा वळलेला, १०० किलोचा. त्यांनी तो दुकानाच्या लोखंडी अँगलला आकड्याने टांगला, एका काट्याच्या इंडिकेटरमधून ५ व्होल्ट दिले आणि संदेशाच्या तारांवर मीटर मिलिव्होल्टवर लावला. सेलवर २ मिलिव्होल्ट दर व्होल्टला असं छापलेलं होतं. म्हणजे ५ व्होल्टवर पूर्ण १०० किलोला फक्त १० मिलिव्होल्ट. एका किलोला मिलिव्होल्टाचा दहावा हिस्सा. रिकामा असताना मीटरवर ०.१. वीस किलोचं वजन अडकवलं, २.१. आणखी वीस, ४.१. वजनं काढली, परत ०.१. सेल ठणठणीत होता. रागाने लाथ मारल्यासारखा ब्रेक दाबून ज्यांचा सेल कायमचा वाकतो, त्यांचा रिकामा आकडाच बराच वर जाऊन बसतो आणि खाली येत नाही.

म्हणजे जो सेल कंपनी मला बदलायला सांगत होती, त्याला काहीच झालेलं नव्हतं.

मी तिथंच हिशेब केला. माझा ब्रेक ४५ किलोला शंभर टक्के असा लावलेला आहे. त्यातले तीन टक्के म्हणजे साधारण एक किलो साडेतीनशे ग्रॅम, म्हणजे ०.१३ मिलिव्होल्ट. इतक्या सूक्ष्म गोष्टीमुळे माझा ब्रेक थरथरत होता. अशा ठिकाणी सोल्डरिंगचा उरलेला चिकट फ्लक्ससुद्धा त्रास देतो. चाचांनी जोड झाल्यावर तो ब्रशने आणि स्पिरिटने धुऊन काढला, तेव्हा मला त्याचं कारण विचारावं लागलं नाही.

दुरुस्ती अशी केली. तुटलेला चार सेंटिमीटरचा भाग कापला, चारही तारा वेगवेगळ्या अंतरावर जोडल्या म्हणजे जोड एकमेकांना टेकत नाहीत, प्रत्येकावर स्लीव्ह, वरून एक मोठी स्लीव्ह. केबलवरची तांब्याची जाळी क्लॅम्पखाली फाटून पेडलच्या पत्र्याला टेकत होती. ती फक्त बोर्डाच्या बाजूला जोडली, सेलच्या बाजूला मोकळी ठेवली. दोन्ही बाजूंनी जोडली तर जाळीतूनच भटकी वीज फिरते. बिजागरीजवळ केबलला एक मोकळं वेटोळं दिलं, आता ती वाकत नाही, नुसती हलते. लोडसेलची केबल उगीच लांब-आखूड करायची नाही, कारण तिचा रोधही मोजणीत धरलेला असतो. चार सेंटिमीटरने फरक पडत नाही, पण घरी जाऊन कॅलिब्रेशन (शून्य कुठं आणि शंभर कुठं ते ठरवणं) नव्याने कर, असं त्यांनी दोनदा बजावलं.

आणखी एक बजावलं, ते मी ठळक अक्षरात लिहिते: पाण्याच्या मोटरचं इन्शुलेशन तपासायचा ५०० व्होल्टचा मेगर लोडसेलला लावायचा नाही. एका गावातल्या वायरमनने लावला आणि नवा सेल तिथंच मेला, असं ते म्हणाले.

सगळ्याचे किती घेतले? ४५० रुपये. पावतीसह.

घरी आणून जोडलं. उडी गेली, पूर्ण गेली. आजपर्यंत एकदाही आलेली नाही. पण स्टिअरिंगची मोटर चालू केली की दोन-तीन टक्क्यांची थरथर पुन्हा होतीच. मला रडू यायचं बाकी होतं. मी चाचांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पायात चप्पल असती का?"

मी अनवाणी चालवते. पेडलचा बारकावा तळव्याला कळावा म्हणून. त्यांच्या सांगण्यावरून मोजे घालून बघितलं, थरथर निम्म्याने कमी. मोजे काढले, परत वाढली. मग त्यांनी विचारलं, "कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात का?" यायच्या. कितीतरी महिने येत होत्या, मी त्याकडे लक्षच दिलं नव्हतं.

"मग पेडल सोड आता. अर्थिंग बघ."

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळण्यासाठी बारीक कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटला जोडलेले असतात आणि थोडी वीज अर्थिंगकडे सोडत राहतात. अर्थिंग धड असेल तर ती गुपचूप जमिनीत जाते. अर्थिंग तुटलेली असेल तर कॅबिनेटच २३० च्या निम्म्या व्होल्टेजपर्यंत तरंगायला लागतं. करंट फार थोडा असतो, पण झिणझिण्या त्याच्याच. माझ्या बाबतीत कॅबिनेटपासून यूएसबीच्या केबलने पेडलचा पत्रा, पत्र्यापासून माझा उघडा तळवा आणि तिथून जमीन, असा रस्ता तयार झाला होता. ०.१३ मिलिव्होल्टवर जगणाऱ्या सेलच्या शेजारून तो जात होता. दुसऱ्या लॅपटॉपवर थरथर कमी का झाली होती तेही आता उलगडलं. लॅपटॉप तेव्हा बॅटरीवर होता.

वायरमनला बोलावलं. कृपा करून हे स्वतः करू नका, सॉकेटमध्ये मीटर घालायची सवय नसेल तर अजिबात नाही. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ४६ व्होल्ट आले. कॉम्प्युटर बंद केला की आकडा पडायचा. घरामागचा अर्थिंगचा खड्डा उघडला. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात आवळते, भेगा पडतात. खड्ड्यातला पाईप आणि माती यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट होती. वरचा क्लॅम्प गंजून गेला होता, पाना लावला तर नट हातात आला. नवा क्लॅम्प, नवी पट्टी, मीठ-कोळसा, आणि पाणी. त्या संध्याकाळी ३ व्होल्ट, आठवड्याने दीड. थरथर गेली. कॅबिनेटच्या झिणझिण्याही गेल्या, आणि खरं तर तीच मोठी गोष्ट होती. त्या खोलीत माझा नऊ वर्षांचा भाचा खेळतो. अर्थिंग ही आधी माणसासाठी असते.

पाण्याबद्दल एक. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा मी शाळेत होते. घागरींची रांग मी बघितलीय, रांगेत उभीही राहिलेय. चांगलं पाणी खड्ड्यात ओतायला माझा हात उचलत नाही. म्हणून मी आरओचं वाया जाणारं पाणी ओतते, दिवसाआड एक बादली. त्यात क्षार जास्त असतात, तेव्हा वीज उलट बरी वाहते. चाचांनी हे ऐकलं तेव्हा मार्केट यार्डातल्या दोन आडत्यांना हेच करायला सांगितलं. त्यांचेही काटे उन्हाळ्यात नाचायचे.

आमच्या खोलीवर पत्रे आहेत. मे महिन्यात दुपारी आत ४३ अंश दाखवतं. माझ्या सेलवर उणे १० ते ४० अंशांपर्यंत तापमानाची भरपाई केलीय असं लिहिलंय, त्यामुळे भर उन्हात शून्य थोडं सरकतं. पेडल जोडून दहा मिनिटं थांबायचं आणि मग शून्य घ्यायचं, काट्याला टेअर मारतात तसं. एवढ्याने भागतं.

माझं बघून नांदेडच्या मैत्रिणीने तिची जुनी पेडलं पाठवली. तिच्या पेडलांत पोटेन्शिओमीटर होते. गॅस दाबला की मध्येच तुटायचा, जणू कुणी पाय उचललाय. चाचांनी आधी स्पष्ट सांगितलं की हे काट्यातलं काम नाही, पण बघतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, चारेक आठवडे चांगलं चाललं, मग पुन्हा तेच. आतली कार्बनची पट्टी झिजली की फवारा किती दिवस पुरणार? शेवटी पोटेन्शिओमीटरच बदलला. तिने आधी नांदेडहून स्वतः एक आणला होता, दहा हजार ओहमचाच, पण त्यावर 'ए' लिहिलेलं होतं. तो आवाजासाठी असतो. त्याने गॅस अर्ध्या दाबापर्यंत नुसता मिणमिणायचा आणि मग एकदम सुटायचा. पेडलला 'बी' लागतो, 'बी १० के'. किंमत चहा-भज्याएवढी. पण अक्षर चुकलं की सगळं काम फुकट.

आता उणं काय आहे तेही सांगायला हवं. चाचा सॉफ्टवेअरला हात लावत नाहीत. कॅलिब्रेशन, फर्मवेअर (बोर्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) तुमचं तुम्ही करायचं. बोर्डावरची चिप जळली असेल तर ते सांगतात जळली म्हणून, बदलून देत नाहीत. माझ्या क्लचमधला हॉल सेन्सर त्यांनी बघितला, चुंबक सैल होता तो घट्ट करून दिला, पण त्यांनीच सांगितलं की हे आपलं क्षेत्र नाही. हे सांगणारा कारागीर मला जास्त आवडतो. गोलाईत गाडी लावायला जागा मिळत नाही, लांब लावून चालत या. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. बसायला एकच स्टूल आहे आणि त्यावर बहुतेक वेळा एखादा काटा बसलेला असतो. वेळ दिली की पाळतात, पण वेळ लांबची देतात. माझं पेडल पाच दिवस ठेवून घेतलं होतं, कारण आधी आलेल्या काट्यांचा नंबर आधी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याच्या काट्यावर शेतकऱ्याचा माल तोलला जायचा आहे, त्याचं आधी व्हायलाच हवं.

जाताना पेडल अख्खं नेऊ नका, ब्रेकचा भाग सोडवून केबल आणि बोर्डासह न्या. आकडा कधी पळतो ते लिहून न्या: पाय हलवल्यावर, मोटर चालू केल्यावर, अनवाणी असताना, की काहीच न करता. चाचा पहिल्यांदा हेच विचारतात, आणि माझी वही बघून त्यांनी निम्मं काम तिथंच केलं. सेलवर छापलेला कागद फाडू नका, त्यावर किलो आणि मिलिव्होल्ट दोन्ही असतात.

परवाच्या पावसानंतर वायरमनने पुन्हा मोजून दिलं, न्यूट्रल-अर्थ ०.८. काल रात्री बुद्धवर सलग बावीस फेरे मारले आणि चौथ्या वळणात ब्रेकची पट्टी प्रत्येक वेळी शून्याला येऊन गप्प बसली. ज्यांना पेडल दाखवायचं आहे त्यांनी आत्ताच, सप्टेंबरच्या आत जावं. ऑक्टोबरात सोयाबीन यायला लागलं की चाचा दिवाळीपर्यंत यार्डातच असतात.